मांडवा ते जयगड मोटरबोटीने, मित्रांसोबत: तिथी, खाडीचं तोंड, इंधन, नांगर

खाडीकाठ

थंडीच्या दिवसांत पाच-सहा जणांनी मिळून बोटीने कोकण किनारा उतरायचा बेत ठरला की चर्चा बोट कुठली आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं यावरच रंगते. सुट्टी आधी ठरते, भरती-ओहोटी निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर बघितली जाते. हा क्रम उलटा हवा. आधी तिथी ठरवा, मग सुट्टी टाका. असं का, ते सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

गृहीत बोट: २२ ते २४ फुटी फायबरची, ११५ हॉर्सपॉवरचं एक चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), २०० लिटरची टाकी, सामानासकट सहा माणसं. वेग २० नॉट, म्हणजे तासाला २० सागरी मैल.

मार्ग: मांडवा, राजपुरी खाडी (जंजिरा-आगरदांडा), हर्णै, दाभोळ, तिथून वाशिष्ठीने आत चिपळूणच्या दिशेने, परत दाभोळ, मग जयगड. किनारा जवळपास उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे अंतराचा अंदाज नकाशावरच्या अक्षांशांवरून झटकन येतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. जंजिरा १८ अंश १८ मिनिटांवर, हर्णै १७ अंश ४९ वर, दाभोळ १७ अंश ३५ वर, जयगड १७ अंश १८ वर. वळणं धरून मांडवा ते जंजिरा सुमारे ३३ मैल, जंजिरा ते हर्णै ३०, हर्णै ते दाभोळ १५, दाभोळ ते जयगड १८.

आता वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा हलका असतो आणि किनाऱ्यालगत पाणी सपाट असतं. दहा-अकरानंतर तो पडतो, दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतो. दक्षिणेला उतरताना हा वारा मागून येतो, म्हणून जाताना कोणाला काही जाणवत नाही. परतताना तोच वारा आणि त्याने उठवलेल्या आखूड, उभ्या लाटा थेट नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) येतात. २० नॉटने चालणारी बोट ८-१० वर येते, इंधन वाढतं, माणसं आपटून निघतात. उत्तरेकडचा प्रत्येक टप्पा सकाळी दहाच्या आत संपला पाहिजे. बेत परतीच्या हिशोबाने आखायचा तो यासाठी.

भरतीसाठी किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला ८ × ३ ÷ ४ = ६, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्येला किंवा पौर्णिमेला सव्वाअकरा. हे फक्त तारखा निवडायला. निघताना त्या बंदराचा तक्ता हातात हवाच.

आता दोन्ही जोडा. दाभोळच्या तोंडावरून आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा चढतं किंवा नुकतं भरलेलं पाणी हवं आणि वारा पडलेला हवा. अष्टमी ते एकादशी या चार दिवसांत भरती सकाळी सहा ते सव्वाआठ या वेळात येते. म्हणून षष्ठीला मांडव्याहून राजपुरी, सप्तमीला राजपुरीतच आराम, अष्टमीला हर्णै ओलांडून संध्याकाळच्या भरतीवर, पाचनंतर वारा उतरल्यावर पण उजेड असतानाच दाभोळला आत, नवमी-दशमी नदीत, एकादशीला सकाळी साडेसातला दाभोळमधून बाहेर. जयगड करायचं असेल तर दशमीलाच बाहेर पडा, एकादशीला पहाटे जयगडहून उत्तरेकडे निघा.

सप्तरंग

धागा फार उपयोगी. एक शंका. पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, मग तोंडावरच्या वाळूवर जास्त खोली मिळेल ना? भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं तेव्हा) जायचा सल्ला उलटा वाटतो.

खाडीकाठ

@सप्तरंग, खोली जास्त मिळते हे खरं, पण तीन गोष्टी अंगावर येतात. पहिली, उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. आत जायला ते चालतं, बाहेर पडायला नाही. पूर्ण पाण्यावर निघालात तर बाहेर वायव्येचा वारा तयारच असतो, आणि सकाळी निघायचं तर पाणी तळाला गेलेलं असतं.

दुसरी, प्रवाह. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेला तो कमी होत जातो, गोव्याला साधारण दोन मीटर. तरीही तेवढं पाणी सहा तासांत खाडीच्या अरुंद तोंडातून जायचं असतं. बाराव्या हिश्श्याचा नियम लक्षात ठेवा: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से चढतं. फरक तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात २५ सेंटीमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५. ओहोटीच्या त्या मधल्या दोन तासांत तोंडावर जो ओढा असतो, त्यात नवख्या माणसाने बोट घालू नये.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उधाणाच्या भरतीच्या टोकाला बोट वाळूवर चढली तर पुढची प्रत्येक भरती त्याहून थोडी कमीच येते. बोट सुटायला पुढच्या पक्षाच्या उधाणाची वाट बघावी लागू शकते. भांगानंतर पाणी रोज थोडं जास्त चढतं, म्हणजे आज रुतलेली बोट उद्याच्या भरतीला सुटते.

तुमच्या बोटीला इंजिन खाली असताना ७०-८० सेंटीमीटर पाणी लागतं. भांगाच्या भरतीला तेवढ्यात काम भागतं.

वाशिष्ठीकर

तिथीच्या ठोकताळ्याला दोन दुरुस्त्या. एक, तो मुंबईच्या आसपास बरोबर बसतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे दाभोळ-जयगडला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईचा तक्ता घेऊन दाभोळला पोचलात तर भरती समजून ओहोटीत शिराल. दोन, खाडीत आत जावं तशी वेळ उशिरा होते. दाभोळच्या जेटीवर पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा वर चिपळूणजवळच्या गोवळकोटकडे ते अजून चढत असतं. वर जाताना याचा फायदा होतो. भरतीच्या पाठीवर बसून जाता येतं. खाली येताना मात्र उतरतं पाणी तुमच्या पुढे पळत असतं.

शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. एकीला पाणी जास्त, दुसरीला कमी. तक्त्यात वेळेसोबत उंचीही बघावी.

अपरांता

खाडीच्या तोंडाबद्दल लिहिते, कारण बोटी उलटतात त्या बहुतेक तिथेच, मोकळ्या समुद्रात नाही.

नदीने आणलेली वाळू तोंडाबाहेर आडवी साचून बांध तयार होतो. बाहेरून येणारी लांब, सपाट लाट या उथळ जागी आली की तिचा तळ अडखळतो आणि ती उभी राहून फुटते. त्यात ओहोटीचं पाणी समोरून धावत आलं की लाट आणखी आखूड आणि उभी होते. म्हणून तेच तोंड चढत्या पाण्यात शांत असतं आणि तीन तासांनी पांढरं होतं. आत शिरायची योग्य वेळ म्हणजे भरतीचा शेवटचा तिसरा हिस्सा.

तोंडाशी पोचल्यावर लगेच आत घुसू नका. अर्धा मैल बाहेर थांबून दहा-पंधरा मिनिटं पाणी बघा. समुद्राकडून फुटणाऱ्या लाटेची पाठच दिसते, म्हणून ती असते त्यापेक्षा लहान वाटते. लाटा गटाने येतात. मोठ्या चार-पाच झाल्या की थोडी उसंत मिळते. काठापासून काठापर्यंत सलग पांढरी रेघ दिसली तर आत जायचंच नाही. हर्णैला किंवा सरळ जयगडला जा. मासेमारीची बोट आत जात असेल तर तिचा मार्ग बघून ठेवा आणि १०० मीटर मागे राहून तसेच जा. वाळू दरवर्षी पावसाळ्यात सरकते, त्यामुळे मागच्या हंगामातला जीपीएसचा माग आंधळेपणाने वापरू नये. बंदरातल्या तांडेलाला (मासेमारी बोटीच्या प्रमुखाला) फोन करून यंदाची खोल पाण्याची वाट कुठल्या काठाने आहे ते विचारणं कुठल्याही अॅपपेक्षा भरवशाचं.

आत जायच्या आधी: सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट, पट्टे बांधलेले. चालकाच्या मनगटाला किंवा पायाला इंजिन बंद करणारी दोरी. नाळेवर कोणी बसायचं नाही, वजन मध्ये आणि मागे. सुटं सामान बांधलेलं. नांगर लगेच टाकता येईल असा, पण अडकवलेला. एक जण फक्त मागे बघायला, आणि लाट येते आहे हे त्याने मोठ्याने सांगायचं.

आत जाताना एका लाटेची पाठ धरायची आणि तिच्याच वेगाने जायचं. तिला ओलांडून पुढच्या उतारावर घसरलात तर नाळ समोरच्या पाण्यात रुतते, मागची लाट शेपूट उचलून फिरवते आणि बोट आडवी पडते. फार हळू गेलात तर मागची लाट बोटीत चढते. मोटर किंचित वर उचलून ठेवली की नाळ हलकी राहते. अर्ध्यावर बेत बदलून वळायचं नाही. वळताना लाट कडेवर आली तर सावरायला वेळ मिळत नाही.

सावित्रीचं बाणकोट, केळशी, आंजर्ले ही तोंडं पहिल्या फेरीत वगळा. केळशी-आंजर्ल्याच्या खाड्या लहान आणि उथळ आहेत. या मार्गावर निवांत आत जाता येईल अशा दोनच जागा, राजपुरी आणि जयगड. जयगडला किल्ल्याचं टेकाड दक्षिणेला आडोसा देतं आणि पाणी खोल आहे. पण तिथे मोठी मालवाहू जहाजं येतात. त्यांच्या मार्गातून बाजूला राहायचं, नाळेसमोरून आडवं कधीच जायचं नाही. त्यांना थांबायला मैलभर लागतो.

इंजिनघर

इंधनाचा हिशोब मांडतो. ११५ चं इंजिन पूर्ण उघडल्यावर तासाला ४० लिटरच्या आसपास पितं. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, २० नॉटच्या वेगात, १८ ते २० लिटर. म्हणजे ढोबळमानाने मैलाला एक लिटर. वारा समोरून असेल तर त्यावर २५ टक्के धरा.

मांडवा ते दाभोळ ७८ मैल, नदीने वर २४. एकूण १०२ मैल, २५ टक्के धरून १२८ लिटर. २०० च्या टाकीतले शेवटचे १५-२० लिटर हिंदकळणाऱ्या पाण्यात पंपाला मिळत नाहीत, म्हणून वापरायचे १८०. राखीव उरले ५० च्या आसपास. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव हा नियम लावला तर हे कमी पडतं. म्हणजे मध्ये भरणं आलंच.

अडचण इथेच आहे. मच्छीमार सोसायट्यांच्या पंपांवर डिझेल असतं, पेट्रोल नाही. पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावरूनच आणावं लागतं, आणि परवान्याशिवाय सुटं पेट्रोल ३० लिटरपर्यंतच ठेवता किंवा नेता येतं, धातूचा डबा असेल तर एका डब्यात जास्तीत जास्त २५. प्लास्टिकच्या पाण्याच्या कॅनमधून पेट्रोल नेणं बेकायदा तर आहेच, शिवाय घासून तयार होणाऱ्या स्थितिक विजेने ते पेटतं. भरताना डबा जमिनीवर किंवा धक्क्यावर ठेवायचा, बोटीतली सगळी माणसं उतरवायची, बॅटरीचा मुख्य खटका बंद.

दुसरा उपाय बरा वाटतो. बोट ट्रेलरवर घालून रस्त्याने चिपळूण-गुहागरकडे न्या, टाकी पंपावरच पूर्ण भरा आणि फक्त दाभोळ-वाशिष्ठी-जयगड एवढंच करा. सगळं मिळून ९० मैलांच्या आत बसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हेच करावं. उतारासाठी फेरीबोटीची उतरण वापरणार असाल तर आधी त्यांना विचारा. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेऱ्या दिवसभर चालतात, त्यांचा रस्ता अडवून चालणार नाही.

इथेनॉलकडे दुर्लक्ष करू नका. आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. तुमच्या इंजिनाची पुस्तिका बघा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं आणि इंजिनाला आधी तेच मिळतं. समुद्रावर अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी ठेवली की हे होतं. टाकी भरलेली ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा. टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, खाली पारदर्शक वाटी असलेला, आणि रोज सकाळी वाटीत बघा. दोन सुटे फिल्टर बरोबर हवेत.

दर्यावर्दी_ठाणे

एका इंजिनावर सहा जणांना घेऊन मोकळ्या समुद्रात जाणं मला पटत नाही. ६० ची दोन घ्या. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर सहा-सात नॉटने घरी येता येतं.

इंजिनघर

काळजी रास्त आहे, पण दोन इंजिनं एकाच टाकीवर असतील तर खराब पेट्रोलने दोन्ही एकाच वेळी बंद पडतात. आउटबोर्ड वाटेत थांबण्याची पहिली दोन कारणं इंधन आणि बॅटरी. त्यामुळे दोन इंजिनांचा फायदा हवा असेल तर दोन टाक्या, दोन फिल्टर, दोन बॅटऱ्या हव्यात. ते जमत नसेल तर ११५ च्या बाजूला ९.९ चं छोटं इंजिन लावा. त्याची १२ लिटरची स्वतंत्र टाकी, हाताने ओढून सुरू होणारं, लांब शाफ्टचं. वजन जवळपास दोन साठच्या जोडीएवढंच होतं. पाच नॉट वेग मिळतो. ओढ्याविरुद्ध तो पुरत नाही, पण खडकापासून दूर जायला आणि नांगर टाकायच्या जागी पोचायला पुरतो. रोज पाच मिनिटं ते चालवून बघा. महिनाभर न चालवलेलं राखीव इंजिन हे फक्त वजन.

दर्यावर्दी_ठाणे

टाकी वेगळी हा मुद्दा मान्य. माझी पसंती तरी दोनच, दोन टाक्यांसकट.

इंजिनघर

गाळाबद्दल राहिलं. आपल्या खाड्यांचं पाणी गढूळ असतं आणि तो गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी पंख्याचं चाक, म्हणजे इम्पेलर, घासून टाकतो. कंपनी दोन-तीन वर्षं सांगत असेल तरी खाडीत चालवणाऱ्याने दर हंगामाच्या सुरुवातीला बदलावं. इंजिनामागून पडणारी पाण्याची धार दर पंधरा मिनिटांनी बघायची सवय एका मित्राला लावा. धार बारीक झाली की लगेच वेग कमी करा, न्यूट्रल, मग बंद. बहुतेक वेळा पाणी घेणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलेली असते. मोटर उचला, पिशवी काढा. भोकात गाळ असेल तर तारेने मोकळं करा. धार तरी येत नसेल तर इम्पेलर गेला. किनाऱ्याला लागल्याशिवाय तो बदलता येत नाही.

बरोबर ठेवायचं सुटं सामान: इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट, एक पूर्ण प्रोपेलर त्याच्या नट, वॉशर आणि स्प्लिट पिनसकट, प्लगचा संच, फ्यूज, रबरी हातपंपासकट इंधनाची नळी, इंजिन ऑइल एक लिटर, होज क्लिप, बॅटरीच्या जोडकेबल, इंजिन बंद करणाऱ्या दोरीची दुसरी चावी. ती पाण्यात पडली तर इंजिन सुरूच होत नाही. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय, प्रवास पुढे ढकला. परतल्यावर गोड्या पाण्याने १० ते १५ मिनिटं इंजिन धुवायचं.

नांगरगाठ

नांगराबद्दल. २४ फुटी बोटीला ८ ते १० किलोचा, दोन पसरट पात्यांचा डॅनफोर्थ. आपल्या खाड्यांचा तळ मऊ चिखलाचा आहे, त्यात हीच पाती खोल जातात. चार काट्यांचा गळनांगर खडकासाठी, चिखलात तो नांगरट करत येतो. नांगराला ५ मीटर ८ मिलिमीटरची साखळी, पुढे ५० मीटर १२ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगणारा दोर नको. तो ताणत नाही, शिवाय पाण्यावर पसरून आपल्याच पंख्यात (प्रोपेलरमध्ये) येतो.

दोर किती सोडायचा हे भरतीच्या उंचीवर ठरतं. खोली आत्ता ३ मीटर, अजून ३ मीटर पाणी चढणार, पाण्यापासून नाळेपर्यंत १ मीटर, एकूण ७. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर. आत्ताच्या ३ मीटरच्या हिशोबाने १५ मीटर सोडून झोपलात तर मध्यरात्री भरतीने नांगर उभा उचलला जाईल. नांगर टाकून हळूहळू मागे या, दोर ताणला की इंजिन मागे १५०० फेऱ्यांवर अर्धा मिनिट चालवा. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. सरकत असतील तर पुन्हा टाका.

खाडीत प्रवाह दर सहा तासांनी उलटतो. बोट नांगराभोवती फिरते, दोर उलट्या बाजूने ओढला जाऊन पाती निघतात, आणि पुन्हा रुततीलच याची खात्री नाही. मुक्काम असेल तर दोन नांगर, एक भरतीच्या दिशेला, एक ओहोटीच्या, दोन्ही दोर नाळेलाच बांधलेले. दुसरा नांगर शेपटीला बांधू नका. प्रवाह उलटला की पाणी मागून चढतं.

कुठे टाकू नये: फेरीबोटीच्या मार्गात (आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे), डोल जाळ्यांच्या खुंटांजवळ, बंदरात जायच्या खोल पाण्याच्या वाटेत. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला सकाळी थांबता येतं, रात्रीसाठी ती जागा उघडी आहे. संध्याकाळपर्यंत लाट आत येते. जंजिऱ्याभोवती खडक आहेत. किल्ला बघायचा तर बोट आत नांगरून राजपुरीच्या स्थानिक होड्यांनी जावं.

सप्तरंग

जाळ्यांचं काय? रायगडच्या किनाऱ्यावर खूप असतात असं ऐकलंय.

वाशिष्ठीकर

असतात. डोल जाळी खुंटांना बांधलेली, प्रवाहात तोंड उघडून उभी असतात. पाणी चढलं की खुंट बुडतात आणि फक्त बोये दिसतात. म्हणून अंधारात चालायचंच नाही. गिलनेटच्या दोन टोकांना झेंडे असतात, जाळं त्या दोन झेंड्यांच्या मध्ये पसरलेलं असतं. मधून न जाता टोकाला वळसा घाला. दोर पंख्यात आलाच तर लगेच न्यूट्रल, इंजिन बंद, मोटर उचला. उलट फिरवून सोडवायला गेलात की तो आणखी आवळतो आणि सीलमध्ये शिरतो. जाळं आधी सोडवायचा प्रयत्न करा. कापणं शेवटचा उपाय, आणि कापावं लागलं तर मालकाला शोधून भरपाई द्या. एक जाळं म्हणजे एका कुटुंबाचा हंगाम.

आता वाशिष्ठी. दाभोळपासून ४५ किलोमीटरचा हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ आहे. म्हणून सगळीकडे खुणेचे बोये आणि ठराविक खोली असेल असं समजू नका. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल, आतल्या काठाला वाळू, हा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. पण जिथे वाळू उपसली आहे तिथे तो मोडतो. खड्डा आणि ढीग शेजारी शेजारी असतात. पातळ गाळाच्या थरात खोलीमापक कधी वरचा थर दाखवतो, कधी खालचा. मीटरच्या खुणा केलेला चार मीटरचा बांबू नाळेवरच्या माणसाच्या हातात द्या. बांबू हळूच रुतला की चिखल, टणकन लागला की वाळू किंवा कातळ.

चिपळूणच्या बाजूला पाण्याची पातळी फक्त भरतीवर ठरत नाही. कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पाणी आणि ओढा बदलतो. काठाला बोट बांधून जेवायला गेलात तर एक माणूस बोटीवर हवा.

आत जाताना ५-६ नॉटच्या वर जाऊ नका. छोट्या होड्यांमधून जाळी टाकणारे असतात, उथळ पाण्यात तिसऱ्या काढणाऱ्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात. तुमची लाट त्यांच्यापर्यंत पोचते. आणि या नदीत मगरी आहेत. पोहायला उतरू नका, हात-पाय पाण्यात सोडून बसू नका, मासे साफ केल्यावर घाण बोटीशेजारी टाकू नका.

रुतलात तर: इंजिन बंद, मोटर वर. पंखा उलटा फिरवत राहिलात तर वाळू उपसून बोटीखालीच साठते आणि पंप भरतो. पाणी चढतं असेल तर नांगर खोल पाण्याच्या बाजूला टाका आणि वाट बघा. उतरतं असेल तर हाताशी काही मिनिटंच असतात. माणसं खोल पाण्याच्या बाजूला आणा, बांबूने रेटा. तेवढ्यात सुटली नाही तर बोट एका अंगावर कलंडेल म्हणून सामान बांधा आणि पुढच्या भरतीची तयारी करा. खाली उतरून ढकलायचा मोह टाळा. चिखल मांडीपर्यंत घेतो, आणि मगरींचं वर लिहिलंच आहे.

अपरांता

कागदपत्रं आणि संपर्क. बोटीची नोंदणी, विमा आणि चालकाचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत ठेवा. खाडीपुरती मान्यता आणि समुद्रातली मान्यता वेगळी असते. तुमच्या बोटीच्या कागदावर कुठपर्यंत चालवायची ते लिहिलेलं असतं, ते वाचा. प्रत्येकाचं ओळखपत्र हवं. निघताना मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांना माणसांची यादी, मार्ग आणि परतायची वेळ द्या. २००८ नंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. मुंबई बंदरात नौदलाच्या गोद्या, तुर्भ्याचं अणुकेंद्र आणि जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल यांच्या जवळून जाऊ नका.

तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) चॅनेल १६ वर ऐकत राहा. लहान बोटीच्या अँटेनावरून दुसऱ्या लहान बोटीपर्यंत पाच ते दहा मैल पोचतं. मोबाइल किनाऱ्यालगत चालतो, वाशिष्ठीच्या डोंगरांमध्ये मध्येच जातो. इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा) उंच लाटांचा इशारा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज संध्याकाळी बघायचा. वारा नसतानाही दूरच्या वादळाची लांब लाट येते, आणि खाडीच्या तोंडावर तीच धोक्याची.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, आणि एका दिवसाचं जास्तीचं. बोट लागत असेल त्याने गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर पोटात राहत नाही. दारू नांगर टाकल्यावरही नको. रात्री नांगर सुटला तर सहाही जण शुद्धीवर लागतात.

सप्तरंग

खूप आभार सगळ्यांचे. बोट स्वतःची नसेल, फक्त तीन दिवस असतील, तर सुरुवात कुठून करावी?

खाडीकाठ

चालकासकट बोट भाड्याने घेऊन गोव्यात मांडवी, कुंभारजुवे कालवा आणि जुवारी असा वळसा करा. कालवा १७ किलोमीटरचा, दोन्ही नद्यांना आतून जोडणारा, त्यामुळे समुद्राच्या तोंडावर जावंच लागत नाही. पुलांखालून जाताना भरतीला छत आणि अँटेना अडकणार नाही ना ते आधी मोजा. इथेही मगरी आहेत. तीन दिवसांत खोल पाण्याची वाट ओळखणं, नांगर टाकणं आणि प्रवाहात धक्क्याला लागणं एवढं चालकाकडून शिकून घ्या. धक्क्याला नेहमी प्रवाहाच्या समोरून यायचं, म्हणजे बोट न्यूट्रलमध्ये आपोआप थांबते. सहाही जणांनी प्रत्येकी पाच वेळा हे करून बघावं.

सप्तरंग

आणि वाशिष्ठीसाठी दाभोळच्या तक्त्यात किती मिनिटं मिळवायची?

वाशिष्ठीकर

ठरावीक आकडा देत नाही, तिथीप्रमाणे आणि कोयनेच्या पाण्याप्रमाणे तो बदलतो. पहिल्या दिवशी वर पोचल्यावर काठाला खुणेचा बांबू रोवा, दर दहा मिनिटांनी पाणी बघून पूर्ण भरतीची वेळ लिहून ठेवा, तिच्यातून दाभोळच्या तक्त्यातली वेळ वजा करा. तो फरक दुसऱ्या दिवशी खाली निघताना धरा, आणि पाणी उतरायला लागायच्या अर्धा तास आधी नांगर उचला.